आकारावर ठरणारा रंग

कॅडमियम सेलेनाइडच्या तीन कुप्या शेजारीशेजारी ठेवून त्यांवर अतिनील प्रकाश टाकला, तर एक निळी उजळते, दुसरी हिरवी आणि तिसरी लालभडक. रसायन तिन्हींत एकच. फरक असतो तो कणांच्या आकाराचा. साधारण २ नॅनोमीटरचा कण निळा दिसतो, ६ नॅनोमीटरचा लाल. इलेक्ट्रॉनला वावरायला जागा जितकी तोकडी, तितकी बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात.

अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत आणि लुई ब्रुस यांनी द्रवात हा परिणाम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवला होता. पण लहानमोठ्या कणांची सरमिसळ व्हायची, त्यामुळे रंग शुद्ध मिळत नसे. हा पेच सोडवणारा शोधनिबंध १९९३ मध्ये एमआयटीतून आला. त्यावर मौंगी बावेंडी यांच्यासोबत ख्रिस्तोफर मरे आणि डेव्हिड नॉरिस या त्यांच्या दोन विद्यार्थ्यांची नावं आहेत, आणि पहिलं नाव मरे यांचं आहे.

त्यांची युक्ती मला फार देखणी वाटते. एक मेणचट सेंद्रिय पदार्थ आर्गॉन वायूखाली सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा. मग आच काढून घ्यायची आणि कॅडमियम व सेलेनियमची संयुगं असलेलं थंड द्रावण सिरिंजने एका दमात आत सोडायचं. क्षणार्धात असंख्य स्फटिकबीजं तयार होतात. त्याच वेळी तापमान १८० अंशांपर्यंत घसरतं आणि नवी बीजं बनायची थांबतात. पुन्हा हळूहळू आच वाढवली की असलेली बीजं बरोबरीने वाढतात. एकाच दिवशी पेरलेलं शेत एकदम कापणीला यावं, तशी. मेणचट पदार्थाचे रेणू कणांना वेढून राहतात, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. फ्लास्कमधला रंग पिवळ्याकडून नारिंगी, मग लाल होत जातो. हवा तो रंग आला की वाढ थांबवायची.

२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना मिळालं. नोबेल तिघांपेक्षा अधिक जणांत विभागलं जात नाही, पण या शोधाची गोष्ट सांगताना मरे आणि नॉरिस यांना वगळणं अन्यायाचं ठरेल.

आज हे कण टीव्हीच्या पडद्यांत आहेत. कॅडमियम विषारी असल्याने तिथे आता बऱ्याचदा इंडियम फॉस्फाइड वापरलं जातं. मात्र त्याचा पृष्ठभाग हवेत लवकर बिघडतो, म्हणून प्रत्येक कणावर झिंक सल्फाइडसारख्या पदार्थाचं काही अणूंच्या जाडीचं कवच चढवावं लागतं.