हवेतलं कूळ

कोकणातल्या चिऱ्याच्या घरात फोन वाजला की माणूस बोलत बोलत खळ्यात येतो. माजघरात रेंजची एक काडी, ओटीवर दोन, खळ्यात चार. टॉवर तोच, फोनही तोच. आड येते ती भिंत. अशा भिंतींच्या आत पोहोचण्यासाठी एका कंपनीने 39,270 कोटी रुपये मोजले, असं म्हटलं तर फारसं खोटं ठरणार नाही.

फाइव्ह-जीचा लिलाव 2022 साली सात दिवस, 40 फेऱ्या चालला आणि 1 ऑगस्टला संपला. एकूण बोली 1,50,173 कोटींची. त्यात एकट्या रिलायन्स जिओचे 88,078 कोटी, एअरटेलचे 43,084 कोटी. एवढ्या पैशांत मिळतं काय? रेडिओलहरींचे काही पट्टे, तेही 20 वर्षांपुरते. सातबारा सरकारच्याच नावावर, कंपनी कूळ. आणि ‘कसेल त्याची जमीन’ हा कायदा इथे लागू नाही.

जिओने देशाच्या दूरसंचार नकाशातल्या सर्व 22 सर्कलमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, तीन महत्त्वाचे पट्टे घेतले. (या नकाशात मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी आणि गोवा मात्र महाराष्ट्रात, राजकारण्यांना जे जमलं नाही ते दूरसंचार खात्याने केव्हाच करून टाकलं.) 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 10 मेगाहर्ट्झ, 3300 च्या पट्ट्यात किमान 100 आणि 26 गिगाहर्ट्झमध्ये तब्बल 1000. गंमत अशी की सगळ्यात अरुंद तुकड्याचीच किंमत सगळ्यात जास्त. एकूण खर्चातले जवळजवळ 45 टक्के, म्हणजे सुरुवातीला सांगितलेले 39,270 कोटी, त्या दहा मेगाहर्ट्झवर गेले.

कारण लहरीच्या लांबीत आहे. 700 मेगाहर्ट्झची लहर साधारण 43 सेंटिमीटर लांब, 3300 ची नऊ, 26 गिगाहर्ट्झची सेंटिमीटरभराहून थोडी मोठी. लांब लहर दूर जाते, झाडांना-भिंतींना फारशी दाद देत नाही. आखूड लहर पलीकडच्या गल्लीत पोहोचेपर्यंत दमते. मात्र आखूड लहरींकडे जागा मुबलक असते, म्हणून एकाच वेळी खूप डेटा वाहून नेता येतो. क्रिकेटचं स्टेडियम असेल तर 26 गिगाहर्ट्झ. डोंगराआडची वाडी असेल तर 700. खालच्या पट्ट्यात जागाच कमी, म्हणून त्याला भाव.

पण हाच पट्टा आधी दोनदा कुणी घेतला नव्हता. 2016 च्या लिलावात सरकारने देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला 11,485 कोटी अशी राखीव किंमत लावली. एकही बोली आली नाही. 2021 मध्ये भाव 6,568 कोटींवर आणला, तरीही गिऱ्हाईक नाही. 2022 मध्ये 3,927 कोटी झाले, तेव्हा एकटी जिओ पुढे आली आणि राखीव किमतीतच माल घेऊन गेली. सरकारने आधी फार ताणलं, असं माझं मत. न विकलेली जमीन उद्या विकता येते. लहरींचं तसं नाही. त्या एसटीच्या सीटसारख्या. गाडी रिकामी सुटली की त्या फेरीचं तिकीट कायमचं बुडालं. इथे सहा वर्षांच्या फेऱ्या रिकाम्या गेल्या.

मग एअरटेलने 700 का घेतला नाही? त्यांचं फाइव्ह-जी सुरुवातीला जुन्या फोर-जीच्या खांद्यावर बसून आलं. फोनचा टॉवरशी पहिला संपर्क फोर-जीवर, वेगाचं काम फाइव्ह-जीवर. लांब पल्ल्याची जबाबदारी हाताशी असलेले जुने पट्टे सांभाळत होते. जिओने फोर-जीचा आधार न घेणारं, संपूर्ण स्वतंत्र फाइव्ह-जी उभारायचं ठरवलं. स्वतंत्र संसार म्हटला की छप्परही स्वतःचंच लागतं. 700 हे ते छप्पर.

पैसे अर्थात रोख गेलेले नाहीत. 20 समान वार्षिक हप्ते, 7.2 टक्के व्याज. जिओच्या वाट्याला दरवर्षी पावणेआठ हजार कोटींहून जास्त येतात. ठरलेल्या हिशेबाने सगळे हप्ते भरले तर बेरीज दीड लाख कोटींच्या पुढे जाते. गृहकर्ज फेडणाऱ्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

त्यानंतरचा लिलाव जून 2024 मध्ये झाला. माल 96,238 कोटींचा मांडला होता, गेला 11,340 कोटींचा, आणि दुसऱ्याच दिवशी सगळं आटोपलं. जिओने त्यात 973 कोटी खर्च केले. शेत घेऊन झालं होतं. आता पैसा विहिरीत, पाइपात, मोटारीत जायचा होता, म्हणजे टॉवर, फायबर आणि विजेच्या बिलात.