बिनव्याजी, पण कुणाला?

‘आम्ही तर बिनव्याजी देतो, मावशी. तुमचे बचत गट गरीब बायकांकडून चोवीस टक्के घेतात!’ परदेशातली भाचेमंडळी हे इतक्या ठामपणे ऐकवतात, की एकदाचा हिशेब मांडलेला बरा.

हे ‘बिनव्याजी’ बहुतेक वेळा ‘किवा’चं असतं. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था 2005 मध्ये सुरू झाली. तिच्या संकेतस्थळावर केनियातली भाजीवाली, फिलिपिन्समधला मच्छीमार अशी माणसं फोटोसकट भेटतात. आपण 25 डॉलरपासून पुढे उसने द्यायचे, फेड झाली की मुद्दल परत मिळतं, व्याज नाही. इथपर्यंत सगळं खरं आहे. आपण व्याज घेत नाही म्हणजे त्या भाजीवालीलाही ते पडत नाही, हा मात्र गैरसमज. तिला व्याज पडतं.

कारण किवा बहुतेक देशांत तिथल्या सूक्ष्मवित्त संस्थेमार्फत काम करते. आपले पैसे त्या संस्थेकडे जातात. ती पुढे आपल्या दराने कर्ज देते. (अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांना किवा थेट कर्ज देते, आणि ते मात्र खरोखर बिनव्याजी असतं.) यात लपवाछपवी नाही. भागीदार संस्थेच्या माहितीत कर्जदाराला पडणारा खर्च दिलेला असतो. फक्त फोटो पाहून गहिवरलेला माणूस तिथवर वाचत जात नाही.

मग ही लूट आहे का? तेही नाही. दहा हजारांच्या कर्जालाही घरी जाऊन चौकशी, कागदपत्रं आणि हप्त्यांची वसुली लागतेच. हा खर्च रकमेबरोबर कमी होत नाही, म्हणून लहान कर्ज टक्क्यांत महाग पडतं. तेव्हा नुसत्या टक्क्यावर भडकण्यापेक्षा तो कशावर लावलाय ते विचारा. दहा हजार रुपये, बारा महिने, 24 टक्के घटत्या शिलकीवर: व्याज सुमारे 1,350 रुपये. तेच 24 टक्के ‘फ्लॅट’ दराने, म्हणजे वर्षभर मूळ दहा हजारांवरच: 2,400 रुपये, म्हणजे खरा दर 42 टक्क्यांच्या आसपास. तोंडी सांगितलेला दर एकच, पण भुर्दंड जवळजवळ दुप्पट. चीड यायची तर इथे यावी.

आणि बचत गट? तिथे शेकड्याला महिना दोन रुपये व्याज असलं, तरी गटातल्या बाईने भरलेलं हे व्याज गटाच्याच निधीत जमा होतं. तो निधी तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा असतो. भाचेमंडळींच्या हिशेबात नेमकी हीच ओळ नसते.

खरोखर शून्य व्याजही शक्य असतं, पण मग खर्च दुसऱ्या कुणाला तरी उचलावा लागतो. पाकिस्तानात 2001 पासून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या ‘अखुवत’चा भार देणगीदार उचलतात. आपल्याकडे महाराष्ट्रात ठरावीक मर्यादेपर्यंतचं, वेळेत फेडलेलं पीककर्ज शून्य टक्क्याला पडतं, कारण व्याज सरकार भरतं.

आता बाकीचे गैरसमज, झटपट.

‘माझेच पैसे त्या फोटोतल्या बाईला जातात.’ बहुतेकदा तिला कर्ज आधीच मिळालेलं असतं. आपले पैसे संस्थेची तिजोरी पुन्हा भरतात. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी 2009 मध्ये हे उघडपणे मांडल्यावर किवाने आपली मांडणी बदलली.

‘गरीब माणूस पैसे बुडवतो.’ किवावरची परतफेड 96 टक्क्यांच्या घरात आहे. पण परतफेड झाली म्हणजे भलं झालं, असंही नाही. आंध्रात सूक्ष्मवित्त संस्थांच्या वसुलीचा जाच इतका वाढला, की 2010 मध्ये सरकारला त्यांना आवर घालणारा अध्यादेश काढावा लागला.

‘छोट्या कर्जाने गरिबी हटते.’ सहा देशांतल्या प्रयोगांचे निष्कर्ष 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यातला एक प्रयोग हैदराबादचा. फायदा दिसला, पण माफक. कायापालट दिसला नाही.

‘हातउसने देणं म्हणजे सावकारी.’ महाराष्ट्राचा 2014 चा कायदा व्याजाने पैसे देण्याच्या धंद्याला परवाना मागतो. शेजाऱ्याला बिनव्याजी दिलेले दोन हजार त्यात येत नाहीत. मात्र वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ-घेऊ नका, ते आयकर कायद्यात बसत नाही.

छोटी कर्जं जरूर द्या. देण्यापूर्वी एवढंच विचारा: शेवटच्या माणसाला एकूण किती रुपये फेडावे लागणार? भारतातल्या सूक्ष्मवित्त संस्थांना हा आकडा कर्जदाराला लेखी द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेचा 2022 पासून तसा नियम आहे. जी संस्था तो सांगायला टाळाटाळ करते, तिला एक रुपयाही देऊ नका.