जबड्यात नवं हाड बसवताना
2021 च्या उन्हाळ्यात करोनामागोमाग काळी बुरशी आली. देशभर कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. असा जबडा पुन्हा उभारायचा, तर नडगीशेजारचं बारीक हाड रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या वाहिनीला जोडतात. खरा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली की आणलेलं हाड मरतं. म्हणून रुग्णाला रात्रीसुद्धा तासातासाला तपासतात. नातेवाइकांना तो छळ वाटतो, पण गुठळी वेळेत सापडली तरच हाड वाचवता येतं.

दात रोवण्यापुरतं थोडं हाड भरतात, तिथले त्रास निराळे. वरच्या दाढांवरचं सायनसचं पातळ अस्तर फाटू शकतं. खाली मज्जातंतू दुखावला तर ओठ-हनुवटी बधिर होते, क्वचित कायमची. टाके उसवून हाड उघडं पडलं की जंतू शिरतात. शिवाय भरलेल्या हाडातलं काही शरीर स्वतःच विरघळवतं, हे आधी सांगितलं जायला हवं.

विडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेली साखर यांनी जखम रेंगाळते. हाडांच्या ठिसूळपणावर झोलेड्रॉनिक ॲसिडची इंजेक्शनं घेतली असतील, तर शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांना सांगावं. त्या औषधानं जबड्याचं हाड कुजण्याचा धोका वाढतो.