सोनोग्राफीतला ‘पीसीओडी’ आणि वयात येणारी मुलगी

दोन महिने पाळी आली नाही म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी केली जाते आणि अहवालाच्या तळाशी ‘पॉलिसिस्टिक ओव्हरीज’ असे छापून येते. त्या दिवसापासून घरातले बोलणे बदलते. ‘हिला पुढे मूल होईल ना?’ असे एखादी मावशी तिच्या देखतच विचारते. मुलीच्या मागे एक आजार लागतो, जो तिला कदाचित नसतोच.

गोंधळाचे मूळ नावात आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या पाळीची तक्रार होती आणि बीजांडकोश मोठे झालेले दिसले होते. तेव्हापासून ‘सिस्ट’ हा शब्द चिकटला. प्रत्यक्षात या गाठी नव्हेत. पूर्ण न वाढलेल्या बीजांच्या त्या बारीक पिशव्या आहेत. वयात येणाऱ्या कितीतरी निरोगी मुलींच्या बीजांडकोशात त्या भरपूर दिसतात. मेंदू आणि बीजांडकोश यांचा ताळमेळ बसायला पहिल्या पाळीनंतर काही वर्षे जातात, तोवर चित्र असेच दिसायचे. म्हणूनच पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये, असे २०२३ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. बाराव्या वर्षी पाळी सुरू झालेल्या मुलीसाठी याचा अर्थ विसाव्या वर्षापर्यंत. ‘एएमएच’ या रक्तचाचणीवरूनही किशोरवयात हे निदान करायचे नसते.

मग ओळखायचे कसे? दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात. पहिली, वयाच्या मानाने अनियमित पाळी. सुरुवातीच्या वर्षात पाळी मागेपुढे होणे स्वाभाविकच. त्यानंतर तीन वर्षे होईपर्यंत दोन पाळ्यांमध्ये सतत ४५ दिवसांहून जास्त किंवा २१ दिवसांहून कमी अंतर असेल, तर लक्ष द्यावे. तीन वर्षांनंतर ४५ ऐवजी ३५ दिवसांची मर्यादा धरतात. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी ९० दिवसांहून मोठा खंड पडला, तरी डॉक्टरांकडे जावे. दुसरी खूण पुरुषी हार्मोन वाढल्याची: हनुवटीवर, छातीवर जाड काळे केस, हटता न हटणारी तीव्र मुरुमे किंवा रक्तात वाढलेले टेस्टोस्टेरॉन. थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांचे बिघाडही पाळी लांबवतात, ते आधी तपासावे लागतात. दोनपैकी एकच खूण असेल, तर ‘पुढे धोका संभवतो’ एवढेच नोंदवून काही काळाने पुन्हा पाहतात.

मात्र ‘लग्न झाले की आपोआप सुरळीत होईल’ म्हणत दुर्लक्ष करणेही तितकेच चूक. अनेक मुलींच्या शरीरात इन्सुलिनला नीट प्रतिसाद मिळत नाही, म्हणून ते जास्त प्रमाणात तयार होते. वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन बनवायला भाग पाडते. मानेवर, काखेत मखमलीसारखी काळी त्वचा दिसते ती बहुतेकदा यामुळेच. मळ समजून ती घासली जाते, मुलीला बोलणी बसतात. ती घासून जाणार नाही; उलट मधुमेहाच्या दिशेने जाणाऱ्या वाटेची ती आगाऊ सूचना असू शकते. सडपातळ मुलींनाही हा त्रास होतो, हे लक्षात ठेवायला हवे.

उपचारांत रोजची दिनचर्या आधी येते. उपास, भात बंद, पोळी बंद असले प्रयोग नकोत. वाढत्या वयात ते महागात पडतात. भाकरी, उसळ, डाळ, भाज्या, दही, अंडी हे घरचेच जेवण वेळेवर हवे, आणि क्लासला जाता जाता खाल्लेली खारी, वेफर्स, शीतपेये कमी. दिवसाला तासभर घाम येईल अशी हालचाल हवी. दहावीच्या वर्षात खेळ सगळ्यात आधी बंद होतो, तोच नेमका चालू ठेवायला हवा. वजन जास्त असेल, तर ते थोडे उतरले तरी पाळीत फरक पडू शकतो. पण ताटात काय वाढून घेतलेय यावरून टोमणे मारून वजन उतरत नाही. या मुलींमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते, हेही उपचार करणाऱ्याने विचारायला हवे.

गरज पडली तर डॉक्टर हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या गर्भनिरोधक म्हणूनही वापरल्या जातात, हे कळताच अनेक घरांत पाकीट फडताळात दडवले जाते. पाळी नियमित यावी आणि मुरुमे, केस आटोक्यात राहावेत यासाठी त्या असतात. त्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही. अर्धशिशी किंवा घरात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल, तर ते आधी सांगावे. मेटफॉर्मिन दिले म्हणजे मुलीला मधुमेह झाला असेही नाही. आणि मूल होण्याबद्दल म्हणाल, तर हा त्रास असलेल्या बहुतेक स्त्रियांना, काहींना औषधांची मदत घेऊन, मूल होते. पंधराव्या वर्षी तो विषय काढण्याचेच कारण नाही.

तपासणीला जाताना मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात, त्या सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतात. आणि डॉक्टरांनी मुलीशी दहा मिनिटे एकटीने बोलायचे म्हटले, तर आईने खुशाल बाहेर बसावे.