वाळवंटात घर घेऊन!

जानेवारीत आरव्ही घेऊन ॲरिझोनाला निघताय? मग मैल नंतर मोजा, आधी उंची बघा! ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम सुमारे २१०० मीटरवर. तिथे बर्फ पडतो, रात्री गाडीतले पाण्याचे पाइप गोठू शकतात. म्हणून आम्ही मुक्काम ठोकला खाली, क्वार्ट्झसाइटला. उंची जेमतेम २७० मीटर. दुपारी टी-शर्ट, रात्री मात्र दोन रजया! इथल्या सरकारी जमिनीवर ठरावीक जागी १४ दिवस फुकट राहता येतं. पण ना नळ, ना वीज. सांडपाण्याचीही टाकीच, ती भरली की अंघोळ बंद! तिसऱ्या दिवशी मी अख्खी अंघोळ दोन तांब्यांत उरकली. तेव्हा निघताना पाण्याची टाकी काठोकाठ भरा आणि सांडपाण्याची रिकामी करा. जागा फुकट आहे, पाणी नाही!