पहिला ड्रोन तळहाताएवढा

मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात चित्रित झालेली एक छोटी फिल्म जगभर फिरली. ‘राइट अप अवर अ‍ॅली’ तिचं नाव, लांबी जेमतेम दीड मिनिट. कॅमेरा रस्त्यावरून एका बोलिंग अ‍ॅलीच्या दारातून आत शिरतो, बोलिंग खेळायला आलेल्यांच्या घोळक्यातून वाट काढतो, एकाच्या दोन पायांमधून सुळकन निघतो आणि पिना उभ्या करणाऱ्या यंत्राच्या मागच्या बोळातही डोकावून येतो. कुठेही कट नाही. ज्यातून माणूस आडवा होऊनही जाणार नाही, अशा फटीतून आपण उडत गेलो असं बघणाऱ्याला वाटतं. जे ख्रिस्टेन्सन नावाचा पायलट डोळ्यांवर गॉगल चढवून तो कॅमेरा लावलेला ड्रोन हाकत होता. ही फिल्म पाहून कित्येकांचे हात शिवशिवले असतील. पुढचं सगळं त्या शिवशिवणाऱ्या हातांसाठी.

पहिला एफपीव्ही ड्रोन, म्हणजे असा गॉगल लावून उडवायचा ड्रोन, कोणता घ्यावा, याचं माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: मिळेल तो सगळ्यात लहान. पण कारणं उत्तरापेक्षा जास्त मजेदार आहेत.

लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालणारा ड्रोन तुम्ही पाहिला असेल. त्याच्या रिमोटच्या कांड्या सोडल्या की तो जीपीएसच्या आधाराने जागच्या जागी थांबतो. एफपीव्ही ड्रोनचा स्वभाव वेगळा. त्याच्या नाकावरचा कॅमेरा थेट तुमच्या गॉगलमध्ये चित्र पाठवतो आणि तुम्ही आत बसल्यासारखं उडवता. हात सोडलेत तर तो थांबत नाही, जिकडे चालला होता तिकडे जातो. बरं, चार पंख्यांचं हे यंत्र मुळात उडायला नालायक आहे. विमानाचं इंजिन बंद पडलं तरी ते तरंगत खाली येऊ शकतं. हेलिकॉप्टरचं पातंही पडताना वाऱ्याने फिरत राहतं आणि त्याला सावरतं. चार मोटरींच्या ड्रोनला यातलं काहीच जमत नाही. मोटरी थांबल्या की तो दगडासारखा पडतो. मोटरी चालू असल्या, तरी त्यांच्या वेगात क्षणोक्षणी दुरुस्ती केली नाही तर तो कोलांटी मारून जमिनीत घुसतो.

ही दुरुस्ती करतो तो जायरो. जेमतेम तीन मिलिमीटरची चिप. तिच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतो. ड्रोन जरा कलला की थरथरणारा तुकडा किंचित बाजूला सरकतो, आणि त्या सरकण्यावरून ड्रोन किती वेगाने वळला ते कळतं. तुकड्याला सरकवणारं कोरिऑलिस बल तुमच्या ओळखीचं आहे. विषुववृत्त ओलांडल्यावर मोसमी वाऱ्यांना उजवीकडे वळवून, नैऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर आणून सोडणारं बल तेच. ज्या नियमाने कोकणात पाऊस येतो, तोच नियम मुगाच्या दाण्याहून लहान चिपमध्ये राबतो, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

ड्रोनमधला छोटा संगणक, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, हा जायरो सेकंदाला तीन ते आठ हजार वेळा वाचतो आणि दर वेळी चारही मोटरींचा हिशेब नव्याने मांडतो. दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, दोन उलट्या. जोडी कर्णावरची. एका जोडीचा वेग वाढवला आणि दुसरीचा तेवढाच घटवला, की ड्रोन जागच्या जागी तोंड फिरवतो. हलणारं सुकाणू नाही, कलणारा पंख नाही, सगळं काम फक्त वेगातल्या फरकावर. यामागचं सॉफ्टवेअर हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेलं आहे. आज सर्रास वापरात असलेल्या बीटाफ्लाइटचा पूर्वज मल्टिवी. २०१० च्या सुमारास कुणीतरी निन्टेंडोच्या ‘वी’ या व्हिडिओ गेमच्या रिमोटला लागणारा जोडभाग उघडून त्यातला जायरो ड्रोनला बसवला, आणि मल्टिवी हे नाव तिथूनच आलं. टेनिसची खोटी रॅकेट फिरवण्यासाठी बनलेल्या सुट्या भागावर एक छंद उभा राहिला.

आता नवख्याला कळायलाच हवा असा एक फरक. अँगल मोडमध्ये कांडी सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो. अ‍ॅक्रो मोडमध्ये तो सपाट होत नाही. कांडी तिथे फिरण्याचा वेग ठरवते. कांडी पुढे ढकलली की ड्रोन नाक खाली करत जातो, मधोमध आणली की ज्या कोनात असेल त्याच कोनात राहतो, मग भले तो उलटा का असेना. बोलिंग अ‍ॅलीतली जादू याच मोडमधली. ड्रोन निवडताना दोन्ही मोड असलेला निवडा. फक्त अँगल मोड असलेली खेळणी बाजारात भरपूर आहेत आणि ती महिन्याभरात माळ्यावर जातात.

लहानच का, याचं उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये एका निबंधात देऊन ठेवलं आहे. हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. खोल खाणीत पडलेला उंदीर झटकून चालू लागतो, पण घोडा वाचत नाही, असं त्यांचं म्हणणं. लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होतं, पण हवेचा विरोध झेलणारं अंग चौपटच वाढतं. आपल्या कामाचा हिशेब असा. बॅटरीसकट तीस ग्रॅमचा ड्रोन ताशी १८ किलोमीटरने भिंतीवर आपटला तर धक्क्यात अर्ध्या ज्यूलहून कमी ऊर्जा असते. पाच इंची पंख्यांचा, सातशे ग्रॅमचा ड्रोन ताशी १०० किलोमीटरने आपटला तर ती २७० ज्यूलच्या वर जाते, म्हणजे सातशेपट. पहिल्याची प्लॅस्टिकची फ्रेम जरा वाकते, तुम्ही तो उचलता आणि पुन्हा उडवता. दुसऱ्यात कार्बन फायबरची भुजा तुटते, आणि मध्ये माणूस आला तर दवाखाना गाठावा लागतो. शिकताना तुम्ही आपटणारच, तेव्हा आपटणं स्वस्त पडेल असं यंत्र घ्या.

तीस ग्रॅमच्या या ड्रोनला ‘टायनी व्हूप’ म्हणतात. तो हातात घेऊन बघण्यासारखा आहे. कर्णावरच्या दोन मोटरींमधलं अंतर ६५ मिलिमीटर. ३१ मिलिमीटरच्या चार पंख्यांभोवती प्लॅस्टिकची गोल कडी, त्यामुळे तो सोफ्याला, पडद्याला, कुत्र्याला टेकला तरी सहसा काही बिघडत नाही. मधल्या एकाच पाटीवर फ्लाइट कंट्रोलर, मोटरींचे नियंत्रक, रेडिओचा रिसीव्हर आणि बहुधा व्हिडिओचा ट्रान्समीटरही. मोटरीवरचा ०८०२ हा आकडा म्हणजे आतल्या स्टेटरचा व्यास आठ मिलिमीटर आणि उंची दोन. दर व्होल्टला १९ हजार फेरे अशी ती मोटर असेल, तर ४.२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर, पंखा न लावता, ती मिनिटाला जवळपास ८० हजार फेरे मारते. घरातला छताचा पंखा पाचावर असताना चारशेच्या आसपास फिरतो. जमिनीवर उलटा पडलाच, तर टर्टल मोडचं बटण दाबायचं. मोटरी उलट्या फिरतात आणि ड्रोन कूस बदलून सरळ होतो. उठून आणायलाही जावं लागत नाही. यात मोटर ब्रशलेसच घ्या. ब्रशवाल्या स्वस्त मोटरी थोड्याच दिवसांत दम टाकतात. आणि मोटरीच्या दांड्यात केस, दोरा अडकतात ते चिमट्याने काढत चला.

चित्राच्या बाबतीत मात्र मतभेद आहेत, आणि त्यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. अ‍ॅनालॉग चित्र म्हणजे जुन्या टीव्हीच्याच जातीचं. सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या येतात. अँटेना फिरवायला गच्चीवर चढलेल्या पिढीला वेगळं सांगायला नको. डिजिटल चित्र स्वच्छ, झाडाची पानं न् पानं दिसणारं, पण सिग्नल तुटायला लागला की ते थिजू शकतं. मुंग्यांमधून वाट काढत परत येता येतं, थिजलेल्या चित्रातून येता येत नाही. वजन आणि किंमत या दोन्हीत अ‍ॅनालॉग हलकं. पहिल्या व्हूपसाठी माझं मत अ‍ॅनालॉगला. सुंदर दृश्यं टिपायचीच असतील तर डिजिटलकडे नंतर जाता येतं.

दृश्य किती उशिरा पोचतं, हे त्याहून महत्त्वाचं. कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंत चित्राला सेकंदाचे काही शतांश लागतात. ताशी १०० किलोमीटर वेग असेल तर तीस मिलिसेकंदांत ड्रोन ऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. तुम्ही बघता तो ड्रोनचा भूतकाळ. त्यात आपला मेंदू भर घालतो. झुरिक विद्यापीठाच्या ‘स्विफ्ट’ या कृत्रिम बुद्धिमत्तेने तीन अव्वल ड्रोन रेसरना हरवलं, तो शोधनिबंध २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात दिसण्यापासून कृतीपर्यंत यंत्राला ४० मिलिसेकंद लागतात आणि कसलेल्या माणसांना सरासरी २२०, असं नोंदवलं आहे. त्याच वेगाने २२० मिलिसेकंद म्हणजे सहा मीटर. म्हणजे पट्टीचा पायलट जे दिसतं त्यावर उडवतच नाही, पुढे काय दिसणार आहे त्यावर उडवतो. ही सवय पैसे मोजून मिळत नाही.

ती मिळते सिम्युलेटरवर. म्हणून सगळ्यात आधी ड्रोन न घेता रेडिओ घ्या, म्हणजे हातातला दोन कांड्यांचा ट्रान्समीटर. तो यूएसबीने संगणकाला जोडा आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोनसारख्या सिम्युलेटरमध्ये अ‍ॅक्रो मोड लावून खुशाल आपटत बसा. तिथे तुटत काही नाही. पहिले काही तास डावा अंगठा छळतो, कारण थ्रॉटलची कांडी सोडली तरी मध्यावर येत नाही, तिला सतत हळुवार सांभाळावं लागतं. मग एके दिवशी बोटं विचार न करता हलू लागतात. रेडिओ एक्सप्रेसएलआरएस प्रणालीचा असलेला बरा. तीही हौशी लोकांनीच बनवलेली, आणि पुढच्या मोठ्या ड्रोनलाही चालते. रेडिओ आणि गॉगल वर्षानुवर्षं टिकतात, ड्रोन येतात-जातात. खर्च करायचा तर टिकणाऱ्या वस्तूंवर. गॉगल मात्र डोळ्यांना लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं असतं, चष्म्याचा नंबर वेगळा. आणि पहिल्यांदा खुर्चीत बसूनच उडवा. डोळे म्हणतात उडतोय, कान म्हणतात बसलोय, या भांडणात उभ्या माणसाचे गुडघे खुशाल दगा देतात.

आता आपल्याकडची अडचण. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी सवलत आहे, छंदासाठी नाही. तयार ड्रोन आणता येत नाही, पूर्ण किंवा अर्धवट सुट्या किटच्या रूपातही नाही. सुटे भाग आणायला मात्र मुभा आहे. म्हणून परदेशी चाचण्या बघून एखाद्या झकपक तयार ड्रोनवर जीव जडवून घेऊ नका. भारतात जुळवलेला व्हूप घ्या, किंवा भाग आणून स्वतः जुळवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बरं सोल्डरिंग आयर्न आणि तार मिळते. व्हूपच्या मोटरी बहुधा छोट्या प्लगने बसतात, त्यामुळे डाग द्यायचं काम थोडकंच. स्वतः जुळवलेला ड्रोन आपटला तर दुरुस्त कसा करायचा हेही आपोआप कळलेलं असतं.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हाही लहान ड्रोन घेण्याचा फायदाच. नोंदणीचे आणि हवाई हद्दीचे नियम मात्र नॅनोलाही आहेत. सरकारी नकाशावरचा लाल भाग वर्ज्य, हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वारंवार निघतात, ते बघूनच बाहेर पडा. गॉगल लावल्यावर आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून मैदानावर शेजारी उघड्या डोळ्यांचा एक साथीदार उभा हवाच.

बॅटऱ्या पाच-सहा घ्या, एक तीन-चार मिनिटंच चालते. लिथियम पॉलिमरच्या या बॅटऱ्या फुगल्या की वापरू नका, चार्जिंगला लावून झोपू नका, ठेवून द्यायच्या असतील तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. आणि दिवाणखान्यात पहिलं उड्डाण करण्याआधी छताचा पंखा बंद करा.