ताऱ्यांचे ज्वलन आणि शेगडीतील कोळसा

सूर्य जळतो असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हे ज्वलन किती संथ आहे याची कल्पना भौतिकीच्या विद्यार्थ्यांनाही सहसा नसते. सूर्याच्या उत्सर्जित शक्तीला त्याच्या वस्तुमानाने भागले असता किलोग्रॅममागे जेमतेम ०.०००२ वॅट हाती लागतात. शेगडीत तासाभरात जळून जाणारा एक किलोग्रॅम कोळसा सुमारे ८,००० वॅट देतो. फार काय, स्वस्थ बसलेल्या मनुष्याचे शरीरदेखील किलोग्रॅममागे सुमारे दीड वॅट उष्णता निर्माण करते. म्हणजे सूर्याच्या सुमारे सात हजार पट! सूर्याची प्रखरता आहे ती त्याच्या प्रचंड विस्तारामुळे.

इंधन हलक्या प्रतीचे आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. एक किलोग्रॅम हायड्रोजनाचे हेलियमात रूपांतर झाल्यास कोळशाच्या सुमारे दोन कोटी पट ऊर्जा मिळते. सूर्य कोळशाचा असता, तर लागणारा प्राणवायू बाहेरून मिळतो असे धरूनही तो सुमारे ५,००० वर्षांत विझला असता. रोबेर्ट मायर याने १८४८ मध्ये अशाच गणिताने रासायनिक ज्वलनाची कल्पना निकालात काढली.

मंद गतीचे मूळ पहिल्याच पायरीत आहे. दोन प्रोटॉन एकत्र येण्यास विद्युत् प्रतिसारणाचा अडथळा भेदावा लागतो. दीड कोटी अंश तपमानालाही तो ओलांडण्याइतकी ऊर्जा प्रोटॉनांपाशी नसते. पुंजयामिकीमुळेच क्वचित एखादा पार होतो. शिवाय त्या भेटीच्या निमिषमात्रातच एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो, आणि हे कार्य दुर्बल परस्परक्रियेकडे आहे. परिणामी सूर्यकेंद्रातील प्रोटॉनाला सरासरीने सुमारे ९०० कोटी वर्षे वाट पाहावी लागते. त्यातून निर्माण झालेला ड्यूटेरॉन मात्र काही सेकंदांतच खर्ची पडतो.

कोळशाची गोष्ट निराळी. तेथे उष्णता वाढली की ज्वलन वाढते, आणि त्याला आवर बसतो तो प्राणवायूच्या पुरवठ्याने व उघड्या पृष्ठभागाने. तोच कोळसा भुकटी होऊन हवेत मिसळला की हा आवर सुटतो. १९६५ मध्ये धनबादनजीकच्या ढोरी खाणीतील स्फोटाने अडीचशेहून अधिक कामगारांचे प्राण घेतले, ते याच कारणाने. ताऱ्यात उलट घडते. ज्वलन किंचित वाढले की गाभा प्रसरण पावतो, निवतो, आणि ज्वलन पूर्वपदावर येते.

तथापि वस्तुमान वाढले की ही काटकसर राहत नाही. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या ताऱ्याचे आयुष्य अवघे दोन-तीन कोटी वर्षांचे. पंचवीसपट वस्तुमानाचा तारा हायड्रोजनावर काही दशलक्ष वर्षे काढतो. पुढे कार्बन, निऑन, ऑक्सिजन असे एकेक इंधन अधिकाधिक वेगाने संपत जाते, आणि अखेरचे सिलिकॉन सुमारे एका दिवसात संपून गाभा कोसळतो.